सुईच्या टोकावर भोपळा

३ जून

चि. चिमणी हिस, वखारीच्या भुशातून मामाचे आशीर्वाद.

तुझ्या सरांचा नव्या बुरशीवरचा लेख आणि बुरशीचा तुकडा पोचला. लेखात बुरशीच्या नावावर तू चिकटवलेली पट्टी काढली नाही. दुसऱ्याचं झाकलेलं उघडायची सवय विद्वानांना असते, वखारवाल्यांना नाही.

लेख झकास. टंकन तर फारच झकास. फक्त बुरशी चुकली आहे.

वस्तऱ्याच्या पात्याने काप काढून भिंगाखाली पाहिले. तुम्ही म्हणता ते काटेरी, अकरा मायक्रॉनचे, आयोडीनने निळे होणारे बीजाणू आहेत खरे. पण सगळे इकडेतिकडे सांडलेले. बीजाणू ज्या खुंट्यांवर धरतात, त्या हिच्या इतक्या बारीक, की त्यावर असला बीजाणू म्हणजे सुईच्या टोकावर भोपळा. ही ज्या ओंडक्यावर मिळाली, त्याच्या वरच्या बाजूला दुसरी बुरशी असणार. तिची पोरं खाली गळली आणि सरांनी ती हिच्या पदरात घातली.

खुंटीवर बसलेला दिसल्याशिवाय बीजाणू मोजायचा नाही, हे मी अकरावी नापास माणूस एका फाटक्या पुस्तकातून शिकलो. सरांचं पुस्तक अजून कोरं करकरीत असावं.

मामी म्हणते, मी पोरीला छळतो. लोभ आहेच, तो मोजायला भिंग लागू नये.

तुझा, मामा

९ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

मापं सरांची नाहीत, माझी आहेत. तेव्हा कोरं करकरीत पुस्तकही माझंच. शंभर कापांत खुंटीवर एकही सापडेना, म्हणून कंटाळून सांडलेले मोजले. हसा आता.

हसून झालं की पट्टी काढा. बुरशीला तुमचं नाव दिलंय. ओंडका तुमच्या वखारीतला, पण सर कबूल व्हायला चार महिने लागले. माझा प्रबंध याच लेखावर उभा आहे; वीस तारखेला द्यायचाय. असली मापं कोणी पुन्हा तपासतं का, असं सरांना आडून विचारलं, तर म्हणाले, असले काप पुन्हा काढायची खाज कोणाला असते!

तुम्ही गप्प बसलात तर मीही बसेन. तुम्ही कधी गप्प बसल्याचं मात्र आठवत नाही.

मामीला नमस्कार. रागावलात तर किती मायक्रॉन ते कळवावं.

तुमची, चिमणी

१४ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

पट्टी वाफेवर धरून काढली, कागद फाटू नये म्हणून. आडनावाला लॅटिन शेपूट बरं दिसतं. मामीने दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा शेजारणीसमोर.

मग वखार बंद ठेवून चार दिवस काप काढले. एकशे चाळीस. तुझी चूक पकडायला नव्हे. एक तरी काटेरी बीजाणू खुंटीवर सापडावा म्हणून. तिसऱ्या दिवशी सापडला! चित्र काढलं, मामीला हाक मारली. तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, की हा नुसता टेकलाय, काच जरा दाबून बघा. तेवढंच करायचं मी सकाळपासून टाळत होतो, हे तिला कसं कळलं कोण जाणे. दाबली. गेला वाहून.

काल खरा सापडला. चार मायक्रॉन, गुळगुळीत, आयोडीन घातलं तरी ढिम्म. ही बुरशी आमच्या कुंपणाच्या प्रत्येक खांबावर आहे आणि तिचं बारसं कधीच उरकलंय. काचपट्टी सोबत. सरांना तूच सांग. वीस तारीख चुकली तर चुकू दे. खोट्या मापावर माझं नाव नको, आणि तुझं तर नकोच.

लेखाची प्रत परत मागू नकोस. जाळली, असं मामीला सांगितलंय. विचारलंच तर तूही तेच सांग.

तुझा, मामा