दिसत तर काहीच नाही

११ नोव्हेंबर २०२४

एमआरआय आला. नॉर्मल!

धैर्यशीलनं कागद टेबलावर ठेवला आणि असा हसला, जसं काही त्याच्या बायकोला मेडलच मिळालंय. "बघ, काही नाही. उगाच घाबरत होतीस." मी चहाचा घोट घेतला आणि उजव्या गालात वीज गेली. कानापासून हनुवटीपर्यंत. कप सुटला. फरशीभर चहा.

तो म्हणाला, "अगं, आत्ताच तर रिपोर्ट बघितलास!"

म्हणजे रिपोर्ट बघितल्यावर तरी दुखणं थांबायला हवं होतं. नवऱ्याची पॅथॉलॉजी लॅब असली की असं असतं. या घरात ताप आला तरी आधी थर्मामीटरला विचारायचं.

१२ नोव्हेंबर

दात घासले नाहीत. नुसती चूळ भरली, तीही डावीकडून.

१५ नोव्हेंबर

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी दाताचे दोन डॉक्टर झाले, त्यांनी दोन चांगल्या दाढा काढल्या. दाढा गेल्या, दुखणं तिथंच. हे डॉक्टर निदान ऐकून तरी घेतात. म्हणाले, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. गोळी सुरू करू, डोस हळूहळू वाढवू.

धैर्यशील लगेच — "पण सर, एमआरआय तर क्लिअर आहे."

"असू शकतो."

"मग कशावरून म्हणता?"

"त्या सांगतायत त्यावरून."

 गाडीत बसल्यावर धैर्यशील म्हणालाच, "पेशंटनं सांगितलं म्हणून औषध द्यायचं तर आम्ही लॅब कशाला काढल्या?"

दहापैकी किती दुखतं, असंही विचारलं होतं डॉक्टरांनी. मी सात म्हटलं. नेहमी सातच म्हणते. दहा म्हटलं तर लोक म्हणतात, मग बोलतेस कशी? चार म्हटलं तर मग आलीस कशाला?

२१ नोव्हेंबर

गोळीनं दिवसभर पेंग. वर्गात फळ्यावर लिहिताना शब्द विसरले. नववीला चेतासंस्था चालू आहे. "चेतातंतूंमधून संदेश मेंदूकडे जातो आणि वेदना जाणवते." वाचून दाखवलं आणि तिथंच थांबले. जाणवते कुणाला? ते पुस्तकात नाही. मेंदूचं चित्र आहे, नाव देऊन भाग दाखवलेत. ज्याला दुखतं त्याचं चित्र नाही.

पोरींना वाटलं, मॅडम विसरल्या.

२४ नोव्हेंबर

आत्तींना, धैर्यशीलच्या आईला, गावाहून, बिद्रीहून, आणलं. घरामागच्या परड्यात घसरून पडल्या. एक्स-रे काढला तर तीन मणके दबलेले! हाडाचे डॉक्टर फिल्म उजेडाला धरून बघतच राहिले. "आजी, तुम्ही चालता कशा?"

"पायानं," आत्ती म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले आणि गालात कळ आली. ती कुणाला दिसली नाही.

कमरेला पट्टा बांधून दिलाय. आता इथंच राहायच्या.

२६ नोव्हेंबर

धैर्यशीलचे सगळीकडे फोन. "आईचे तीन मणके बसलेत, पण तोंडातनं हूं न्हाय!" हे वाक्य चारचौघात सांगताना त्याची छाती फुगते. मग हळूच माझ्याकडे बघतो.

२९ नोव्हेंबर

मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, तास थोडे कमी करा, बोललं की दुखतं. सरांनी माझा चेहरा नीट बघितला, भाजी बघतात तसा. "मॅडम, दिसत तर काहीच नाही."

प्लॅस्टर असतं तर बरं झालं असतं. चांगलं जाडजूड, पांढरं. वर पोरींनी सह्या केलेल्या.

३ डिसेंबर

बोलले नाही. दिवसभर.

७ डिसेंबर

थंडी पडायला लागलीय. स्कूटरवर वारं लागतं, म्हणून स्कार्फ दोन वेढे घेऊन बांधते. दारातून निघताना आत्ती म्हणाल्या, "काय बया, तोंडाला एवढं गुंडाळून? आमच्या येळंला असली थेरं न्हवती. बाळंत झालो तरी चवथ्या दिवशी शेण काढत हुतो."

मी स्कूटर सुरू केली. बोलण्यासाठी तोंड उघडावं लागतं. आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत आत्तींना मोजायची गरज नाही.

१० डिसेंबर

भांडण.

मी जेवता जेवता ताट सोडून उठले. घास चावता येईना. धैर्यशील म्हणाला, "आईकडं बघ जरा."

बघितलं! मग माझाही तोल गेला.

तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला — तो सूर मला शिव्यांपेक्षा जास्त लागतो. "दुखणं म्हणजे शेवटी काय गं? नसेतून गेलेला करंट आणि चार केमिकल. असेल तर सापडतंच."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर नाही."

"आत्तींचं तर सापडलंय. त्या म्हणतात दुखत नाही. मग?"

"ती सहन करते."

"म्हणजे त्यांचा कागद खरा आणि तोंड खोटं. माझाही कागद खरा आणि तोंड खोटं. बायकांना तोंड दिलंय कशाला मग देवानं?"

तो हात धुवायला गेला. आत्ती शांतपणे ताकभात कालवत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत गालात चार वेळा वीज गेली. पण मी पूर्ण बोलले. आज तेवढंच.

१८ डिसेंबर

आज स्वयंपाकघरात कुकरची वाफ आत्तींच्या मनगटावर गेली. कातडी लाल झाली. त्यांनी हात झटकला, पदराला पुसला आणि भाकरी थापायला घेतली. मी हात नळाखाली धरायला गेले तर म्हणाल्या, "सोड. काय झालं न्हाय."

मला आता कळलंय. या बाईला दुखतच नाही! काही माणसांच्या आत ती तारच नसेल. मग धैर्य कसलं आणि सहन करणं कसलं? आंधळ्यानं डोळे मिटले म्हणून कुणी त्याचं कौतुक करतं का? ज्या बाईला लागतच नाही, तिच्या मापानं मला मोजतायत सगळे. हेवा वाटतो. रागही येतो. दगडाशी माझी तुलना, आणि त्यात दगड पहिला!

२५ डिसेंबर

शाळेला सुट्टी. डोस वाढवला. भिंत धरून चालते. दुखणं थोडं लांब गेलंय — शेजारच्या घरात भांडण चालू असल्यासारखं. ऐकू येतं, पण माझं नाही. मात्र बाकी सगळंही तितकंच लांब गेलंय.

४ जानेवारी २०२५

शनिवार, सकाळची शाळा. चक्कर येत होती म्हणून दोन तास आधीच घरी आले. धैर्यशील लॅबमध्ये. माझ्या किल्लीनं दार उघडलं आणि आतून आवाज आला. आधी वाटलं मांजर अडकलंय कुठंतरी. घोगरा, दाबलेला, मधेच तुटणारा.

आत्तींच्या खोलीत गेले. आत्ती जमिनीवर, गुडघ्यावर आणि एका हातावर. दुसऱ्या हातानं पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. पट्टा सुटून पडलेला. पाठ अशी थरथरत होती जशी जनावराची माशी बसल्यावर थरथरते, पण ही थांबत नव्हती. डोळ्यांतून पाणी सरळ फरशीवर.

मला बघितलं. बोळा काढला. पहिलं वाक्य काय, तर — "दार लाव."

लावलं. खाली बसले. "आत्ती, कधीपासनं?"

"पडल्यापासनं. त्याच्या आधीपासनं बी."

"मग सांगितलं का नाही?"

 दम खात खात बोलल्या, ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "धैर्याच्या येळंला तीन दिस कळा देत हुतो. वराडलो. सासू म्हणाली, भाईर पावणं बसल्यात, लाज न्हाय व्हय तुला? तवा हाच पदर घातला तोंडात. मग कळलं, तोंड मिटलं की समदी चांगलं म्हणत्यात. मग न्हाईच उघाडलं."

मी पट्टा उचलून बाजूला ठेवला.

"तू सांगतीस न्हवं, घडीघडीला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्येचाच राग यायचा मला. ही कशी सांगती? हिला कोण मुभा दिली?"

खरं लिहायचं तर मला आधी दया आली नाही. संताप आला. म्हणजे यांना माहीत होतं! दुखणं काय असतं हे पुरतं माहीत असून माझ्या दुखण्याला थेरं म्हणाल्या. दगड असत्या तर माफ केलं असतं.

आणि मग दुसरी गोष्ट सुचली, ती जास्त लागली. मी तरी काय केलं? त्यांचा कोरडा चेहरा बघून ठरवून टाकलं की आत काही नाही. सरांनी माझं ठरवलं तसंच.

उचलून पलंगावर निजवलं. गरम पाण्याची पिशवी दिली. माझा हात सोडेनात. नखं रुतली होती. गालात वीज गेली तेव्हा मी दचकले, तर आत्तींनी विचारलं, "आली व्हय?"

आजवर कुणी असं विचारलं नव्हतं.

"धैर्याला सांगू नगंस," म्हणाल्या.

५ जानेवारी

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं फिल्म काढून मणके मोजले असते.

९ जानेवारी

आत्तींच्या पाठीला तेल चोळत होते. धैर्यशील डोकावला. "काय गं आई, दुखतंय का काय?"

"न्हाय बाबा. उगं पडलोय."

"बघ!" मला म्हणाला. आणि गेला.

आत्तींची पाठ माझ्या हाताखाली ताठ झाली होती. मी चोळत राहिले.  मला ओरडावंसं वाटत होतं, आणि ते दुखण्यामुळे नव्हे.

१४ जानेवारी. संक्रांत

कृष्णात भावोजी, धैर्यशीलचे चुलतभाऊ, तिळगूळ द्यायला आले. आतल्या खोलीत जाऊन आत्तींच्या पाया पडले आणि म्हणाले, "काकी, तुमच्यागत काळीज पायजे. तीन मणके मोडून बी हूं न्हाय!"

आत्ती म्हणाल्या, "दुखतंय रं. लई दुखतंय." मोठ्यांदा. बाहेरच्या खोलीपर्यंत.

धैर्यशील हसला. "आई, हिचं वारं लागलं काय तुला बी?"

"व्हय," आत्ती म्हणाल्या. "लागलं."