चार अठ्ठेचाळीस

सिल्वासा,
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

चि. ममतास,

सुकदेव आबांचे अनेक आशीर्वाद.

केसर बरी आहे. मला झोप नाही आणि पोटात गॅस धरतो. डॉक्टर म्हणतात काही नाही. काही नाही तर गोळ्या कशाला देतात? तुझी आई काल येऊन गेली. दादरा गावातल्या तुझ्या खोलीत पाणी गढूळ येतं म्हणाली. उकळून पी.

फोन केला नाही, कारण मी फोनवर बोललो की केसर शेजारी उभी राहून ऐकते आणि मध्येच उत्तरं देते. शेजारचा ललित तिकडेच कामाला येतो, म्हणून त्याच्या हाती हे पत्र आणि मेथीच्या लाडवांचा डबा देतो आहे. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे. उघडलेलं वाटलं तर मला कळव.

तुझा सत्कार छान झाला. मला खांबामागची खुर्ची मिळाली. तू अर्धीच दिसत होतीस, पण ऐकू सगळं आलं. आभार मानताना पहिलं नाव उदय सरांचं घेतलंस. ते घेणारच, मी काही म्हणत नाही. शालही तूच त्यांना घातलीस. दुसरं नाव तुझ्या आईचं, छायाचं, तिसरं गुडघ्याच्या डॉक्टरांचं आणि चौथं माझं. मी मुद्दाम मोजत नव्हतो. तीस वर्षं कंपनीच्या गेटवर टाईमकीपर होतो, आत आलेला माणूस कितवा हे आपोआप मोजलं जातं.

घरी येऊन केसरला सांगितलं तर म्हणाली, "चौथं तर चौथं. तिरडीलाही चौथा माणूस लागतोच."

तिला हसू आलं. मला आलं नाही. उदय सर पुण्याहून इथल्या कंपनीत आले, तुझे कोच झाले, त्यांनी तुला बूट दिले, खायचं-प्यायचं लिहून दिलं, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ दिलं. सगळं खरं. पण बुटांत घालायचे पाय आधी कोणी बघितले? तू नऊ वर्षांची होतीस. छाया डबा विसरून कामावर यायची आणि तू चाळीतून सायली गावातल्या आमच्या कंपनीच्या गेटपर्यंत तो घेऊन पळत यायचीस. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. महिन्याभरात सात. तेव्हा उदय सर कुठे होते? सत्कारानंतर ते माझ्या पाया पडले, तेही सगळ्यांसमोर. मला तेही आवडलं नाही. वाकले तेव्हा दिसलं, पन्नाशीतही केस दाट आहेत.

असो. लाडवांत डिंक कमी आहे, केसरला दिसत नाही हल्ली.

तू माझ्याबद्दल जे बोललीस ते मला पाठ झालं आहे. "आबांनी मला कधी खोटी वेळ सांगितली नाही. दोन सेकंदांनी माझं नाशिकचं शिबिर हुकलं. मी रडत होते, तरी ते म्हणाले, दोन सेकंद म्हणजे दोन सेकंद. त्या दोन सेकंदांनी मला धावायला शिकवलं." तू धावायला शिकवतेस ती दुधनी गावची मुलं टाळ्या वाजवायला लागली आणि मी उठून बाहेर गेलो. छायाला सांगितलं लघवीला गेलो होतो. मी पार गेटपाशी जाऊन उभा होतो.

वर तू जाहीर केलंस की रविवारी मुलांची निवड आहे आणि घड्याळ आबांच्याच हातात असेल. निघताना तुझी ती कावेरी माझ्याजवळ आली, दोन वेण्यांवाली. म्हणाली, "आबा, तुम्ही अर्धा सेकंदपण सोडत नाही ना?" मी नाही म्हणालो.

ममता, आमच्या गेटचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असायचं. साहेबांचाच हुकूम होता. माणसं घाईने यायची, भोंगा वाजायच्या आत मशीनवर असायची. त्यात कोणाचं वाईट झालं नाही. हजेरीच्या रजिस्टरमध्ये मात्र मी खरी वेळ लिहायचो. तुझ्या बाबतीतही मी तेच करायचो. आली त्यापेक्षा दोन सेकंद जास्त सांगायचो, म्हणजे तू उद्या जोर लावशील. इथपर्यंत माझी चूक असली तरी चांगल्या मनाने होती.

शिबिराच्या चाचणीचा दिवस तसा नव्हता.

उदय सर म्हणाले होते, पंधराशे मीटर चार पन्नासच्या आत आली तर नेतो. त्या दिवशी त्यांच्या कंपनीत मशीन बंद पडलं. फोनवर म्हणाले, "आबा, वेळ तुम्हीच घ्या. तुम्ही सांगाल तो आकडा." तू पावणेचार फेऱ्या मारल्यास, मी बटण दाबलं, आणि आकडा बघितल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता ही त्यांची झाली. शिबिर दोन महिन्यांचं. परत येशील ती त्यांच्यासारखं बोलत, तुझ्या वेळा लिहायची माझी वही जुनी वाटेल. मी चार बावन्न सांगितलं.

संध्याकाळी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण छाया म्हणाली, बरं झालं, पोर अजून वर्षभर घरात राहील. ते ऐकून मलाही बरं वाटलं. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. पुढच्या वर्षी तू गेलीस, पण तोवर तुझं अठराखालच्या गटाचं वय संपलं होतं. माझ्यामुळे.

तोंडाने खोटं बोललो, वहीत खरंच लिहिलं होतं. ते पान फाडून सोबत देतो. नोकरीत मी एकदाही पान फाडलं नाही.

मुलांना ती दोन सेकंदांची गोष्ट पुन्हा सांगू नकोस. रविवारी घड्याळ उदय सरांकडे दे. हे लिहितानाही हात आखडतो आहे, तुझ्यापासून काय लपवू. त्यांना पान दाखवायचं की नाही ते तू बघ. नको दाखवूस. नाही, दाखव. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते गप्प बसले होते.

मी शेवटच्या रेषेपाशी दोरी धरून उभा राहीन, तू म्हणालीस तर. ललितला यातलं काही माहीत नाही, त्याच्याकडे निरोप देऊ नकोस. डबा तेवढा परत पाठव. आपल्यात कोणी डबा रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामा आला तर मी समजेन. केसरला काहीतरी सांगेन.

यादीत कितवा, की नाहीच, ते आता तू ठरव.

तुझा,
सुकदेव आबा

सोबत: वहीचं पान. रविवार, १० जानेवारी २०१६. ममता. पावणेचार फेऱ्या. ४ मिनिटं ४८ सेकंद.