भिंतीवरचं तळं

१५ मे १९८६, अंबरनाथ
माणूसच नाही! विहाराची एवढी मोठी भिंत, सांगितला होता तळ्याचा सत्याग्रह, आणि हरिचंद्र पेंटरने त्यावर काढलं काय — तळं, पायऱ्या, मागे काळपट टेकडी. मंडळाचे अध्यक्ष शंकरराव तापलेत. "सर, रविवारी सभेत तुम्हीच बोला. पौर्णिमेआधी चुना मारून टाकू." हो म्हणालो. चित्राने लढलं पाहिजे, हे मी वर्षानुवर्षं व्यासपीठावरून ओरडून सांगतोय.

१६ मे
झोडपायचं तर नीट बघून झोडपावं, म्हणून गेलो. हरिचंद्र तिथेच होता. कॅम्प दोनच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवतो. स्वतःच्या मनाचं हे पहिलंच चित्र. चित्राचं विचारलं, तर चिंधीने हात पुसत बाजूला झाला.

बराच वेळ उभा राहिलो. उजेड त्याने लावलेलाच नाही! आधी सगळी भिंत काळी-निळी केली, आणि रंग ओला असतानाच चिंधीने पुसत नेला. पाण्यावर चमकतोय तो खालचा कोरा गिलावा. टेकडी अंगावर येते. आणि मग दिसलं — खालच्या दोन पायऱ्या ओल्या. पाण्यावर एक वलय, अजून पसरणारं. आत्ताच कुणीतरी पाणी पिऊन गेलंय!

तहानच लागली मला!

१७ मे
शंकररावांना सांगितलं. "ओल्या पायऱ्या? मग हार काय पायऱ्यांना घालायचा, सर?" सगळे हसले. डोकं फिरलं. उद्या सभा. ही भिंत वाचवायची — हरिचंद्र तर तोंड उघडणार नाही. मलाच बोलावं लागणार.

१८ मे
बोललो! माईक मध्येच गेला तरी बोललो. टेकडी म्हणजे जात, वलय म्हणजे हक्क, उजेड म्हणजे प्रज्ञा — एकेक उलगडून दाखवलं. वस्तीतल्या म्हाताऱ्या गयाबाई पुढेच बसलेल्या. हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, माजी आयच पानी पिऊन गेली." मी म्हटलं, "आजी, ती आई म्हणजे अख्खा समाज!" टाळ्याच टाळ्या! पहिला हात शंकररावांचाच वर. चित्र राहणार!

हरिचंद्र दाराशी उभा होता. टाळ्या वाजवल्या नाहीत. थकला असेल.

२१ मे
शंकरराव बाजारात भेटले. खूश. "तुम्ही सांगितलंत म्हणून आम्हाला कळलं, सर. पण पौर्णिमेला बेलवली-पालेगावचे लोक येतील, त्यांना कोण समजावणार? त्याची सोय करतोय." बरं वाटलं.

२२ मे
विहारात गेलो. हरिचंद्र शिडीवर. टेकडीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहून झालं होतं — जात. उजेडावर — प्रज्ञा. वलयावर खडूने रेघा आखत होता. वळून न बघताच त्याने विचारलं,

"सर, 'हक्क' लाल करू, का निळा?"