चारमिनारची उलटी फेरी

शनिवार, संध्याकाळ. हैदराबाद, लॉजवर.

चारमिनारपाशी बांगड्यांचा भाव करताना धाकट्या आरोहीचं बोट सुटलं. सुटलं कसलं, मीच सोडलं.

जळकोटहून येताना गाडीतच दोघी पोरींना मी बजावलं होतं, "हरवलात तर चारमिनारला फेऱ्या मारा, मी सापडते." थोरलीला ह्यांच्यापाशी सोडून मी पळत सुटले. एक फेरी, दोन, तीन. पोर कुठंच न्हाई. पाचव्या फेरीला बांगडीवाली चाची ओरडली, "ओ अम्मा, तुमारी बच्ची बी ऐसाच गोल घूम रई!"

तेव्हा कळलं. देवळात मीच शिकवलंय, तशी तीही चारमिनार उजव्या हाताला ठेवून पळत होती. दोघी एकाच दिशेनं, मग भेटणार कशा?

उलटी प्रदक्षिणा जन्मात घातली न्हाई. पाय अडले. पोर हरवलेली, अन् मी पापाचा विचार करीत उभी! हेच डाचतंय.

मग वळले. दुसऱ्याच मिनारापाशी समोरून आली, रडून लाल झालेली. "आई, मी लई फेऱ्या मारल्या. तू कुठं होतीस?"

आता झोपलीय. माझ्या डाव्या हाताचं बोट तिच्या मुठीत आहे. देवाला हात जोडायचे राहिलेत. राहू देत.