झांजा कुठं गेल्या

अण्णा, तुमच्यासारखा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. माकणीच्या डेअरीत तुम्ही दिवसभर लोकांचं दूध तपासायचात, आणि घरी आलात की आईनं पातेल्यात काढून ठेवलेल्या आपल्याच म्हशीच्या दुधात ती काचेची नळी सोडून किती बुडते ते बघायचात. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "आता माज्यावर बी इस्वास न्हाय व्हय?" नळीवरून नजर न काढता तुम्ही म्हणायचात, "तुज्यावर हाय. दुधावर न्हाय." मला शाळेत नोकरी लागल्यावर रेडिओ घेऊन दिलात, तोही दुकानदाराला मागचं झाकण उघडायला लावून. रेडिओनं मला गाण्याचं वेड लावलं, तुम्ही तुमचा स्वभाव दिलात, आणि या वयात दोन्ही एकदम अंगाशी आलं.

निवृत्तीनंतर मी तुळजापूरच्या घरात भारी ॲम्प्लिफायर आणि माझ्या खांद्याला लागतील एवढे स्पीकर आणले. आयुष्यभर घंटा आणि पोरांचा गलका ऐकला, आता नीट काहीतरी ऐकावं म्हणून. सुरुवात सुखाची गेली. मग भजनातल्या झांजा हरवायला लागल्या. पखवाज यायचा, पेटी यायची, झांजांच्या जागी काहीच नाही. सोलापूरच्या दुकानदाराला फोन केला. "मॅडम, माल एकदम ओरिजिनल आहे," तो म्हणाला. असं तर दुधात पाणी घालणारेही म्हणायचे. मी वायरी बदलल्या, मग स्पीकरच बदलून आणले. तेही तसेच. तेव्हा संशय घरात शिरला. बारीक आवाज वाढवायचं बटण मी शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे, आणि दुपारी ते मागं सरकलंय असं वाटायचं. एक दिवस त्या बटणावर टिकली चिकटवून खूण केली आणि बाजारात गेले. परत येऊन बघते तर टिकली जागेवर नाही, चांगली डावीकडं सरकलेली.

तुमच्या जावयांना विचारलं. पेपर बाजूला न ठेवता ते म्हणाले, "म्याच फिरवलं. तू लावतीस तवा झांजा सुईवानी कानात घुसत्यात."

"झांजा ऐकूच येत नाहीत, तर घुसतात कशा?"

"मला तर लई येत्यात."

मला वाटलं, माझं वेड यांना खपत नाही, म्हणून हे बहाणे. मग मी तुमचीच मुलगी निघाले. मोबाइलवर बारीक शिट्टीचा आवाज काढायची सोय असते. त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि सांगितलं, ऐकू आलं की हात वर करा, थांबलं की खाली घ्या. आवाज चालू केला. माझ्या लेखी खोली शांत होती. त्यांचा हात वर गेला. बंद केला, खाली आला. मी मुद्दाम वेळ लावला, दाबल्यासारखं करून दाबलंच नाही, लबाडी करायची तेवढी केली. हात एकदाही चुकला नाही. तो पाठमोऱ्या माणसाचा वर जाणारा हात बघत मी मोबाइल खाली ठेवला. माल ओरिजिनल होता, अण्णा. माणूसही.

"झालं का? काय निघालं?" त्यांनी वळून विचारलं.

"कान," मी म्हटलं.

डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं दिली. त्या यंत्रांवरही आधी माझा विश्वास नव्हता; भांडं ठेवलं तरी पत्र्यावर दगड पडल्यासारखं व्हायचं. काल सकाळी हे चहा ठेवत होते आणि स्वयंपाकघरातून शीळ आली. दातांतून घातलेली, बेसूर. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते चहा करताना अशी शीळ घालायचे. मग ती बंद झाली, आणि माझ्यावरून यांचं मन उडालं, असं मी धरून चालले. कधी विचारलं नाही. बंद झाली नव्हतीच बहुतेक.

हा कागद तुमच्यापर्यंत जायचा नाही, आणि त्यांना दाखवायचा मला धीर होत नाही. काल मी गाणी लावलीच नाहीत, दाराआड उभी राहिले. चहा झाल्यावर त्यांनी हाक मारली. ती मला स्पष्ट ऐकू आली. तरी मी ओ दिली नाही. माझी वाट बघताना ते पुन्हा शीळ घालायला लागले.