अजून अभ्यास हवा

औलू, १४ मार्च

प्रिय लोइक,

ब्रेस्टच्या शाळेत तू गणित शिकवतोस आणि पोरं तुला मुळीच घाबरत नाहीत, हे ऐकून हसू आलं. सोफिया अँतिपोलिस गावी भरणाऱ्या त्या बैठकांतही तुला कोण घाबरायचं? अध्यक्ष म्हणायचे, "केर्ब्रा, थोडक्यात," आणि तू पाऊण तास घ्यायचास. मी समोरच्या रांगेत, दुसऱ्या कंपनीची. कॉफीच्या सुट्टीत मी दिलेली खारट काळी गोळी तोंडात धरून तू म्हणालास, "ऐला, तुम्ही फिनलंडचे लोक हे शिक्षा म्हणून खाता का गं?" तिथून आपलं जमलं.

जगभरचे फोन एकमेकांशी कसे बोलणार हे अशा खोल्यांत बसून ठरतं, तेही मतं मोजून नव्हे, सगळ्यांची समजूत पटेपर्यंत, हे आमच्या शेजाऱ्यांना अजून खरं वाटत नाही. एकजण अडून बसला तरी गाडी थांबते. तुझी पद्धत मला अजून पाठ आहे. ज्या यंत्राला दिवसातून एकदाच बोलायचंय त्याला सारखं जागं कशाला ठेवायचं? झोपू द्या, डोंगरातल्या पाण्याच्या मीटरची बॅटरी दहा वर्षं पुरेल. दोन वर्षं घातलीस तू त्यात.

आणि त्या बुधवारी अध्यक्षांनी विचारलं, "कोणाची हरकत?" मी हात वर केला. "अजून अभ्यास हवा," मी म्हणाले. आपल्या धंद्यात याहून सभ्य फाशी नाही. तू भांडला नाहीस. बाहेर पायऱ्यांवर एवढंच म्हणालास, "आकड्यांत कुठे चुकलो, तेवढं सांग." मी म्हणाले, "बघून कळवते." त्याला अकरा वर्षं झाली. त्याच उन्हाळ्यात तुमच्या कंपनीनं तुझा गट मोडला आणि तू गावी गेलास. दर नाताळला मी कार्ड पाठवत राहिले, त्यात नुसती बर्फाची खबर.

लोइक, आकडे मी आदल्या रविवारीच तपासले होते. तू कुठेच चुकला नव्हतास. बुधवारी जेवायच्या सुट्टीत आमच्या साहेबांचा फोन आला, "आपली पद्धत तयार होईपर्यंत त्यांची अडवून धर." मी धरली. आमची पद्धत कधी तयार झालीच नाही.

आता त्या बैठकांची अध्यक्ष मी आहे. गेल्या आठवड्यात केनियाची जेरोतिच नावाची मुलगी उभी राहिली आणि तिनं तुझीच पद्धत मांडली. तुझं नावही तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. आपल्या बुद्धीनं तिथवर पोचली होती. "कोणाची हरकत?" मी विचारलं. कोणाचीच नव्हती. हातोडी आपटण्याआधी मी सांगून टाकलं: हे पहिल्यांदा लोइक केर्ब्रानं आणलं होतं, आणि ते अडवणारी हरकत माझी होती, खोटी होती. सचिवानं हळूच विचारलं, "बाई, हे इतिवृत्तात घ्यायचं?" मी म्हणाले, "शब्दन् शब्द." कंपनीनं खुलासा मागितलाय. खुर्ची बहुधा जाईल. जाऊ दे.

हे सगळं आजच लिहायचं कारण वेगळं आहे. हजारो यंत्रं एकाच क्षणी जागी झाली तर काय करायचं, तिथे जेरोतिच अडलीय. मला ते सुटत नाही. तू सोडवलं होतंस. तिनं तुझा नंबर मागितला, मी दिला. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती तुला फोन करेल. परक्या मुलीच्या तोंडून कळण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. माझ्यावर हवं तेवढं चिड, पत्राला उत्तरही देऊ नकोस. पण तिचा फोन उचल.

तुझीच,
ऐला