अण्णांच्या गोळ्या आणि आर्टिचोकचा काढा

तुम्ही काहीही म्हणा अण्णा, पानांच्या काढ्याने गुण आलेला नाही. फोनवर हे सांगितलं की तुम्ही हसता आणि विषय बदलता. म्हणून कागदावर लिहितो. इथे मला मध्येच तोडता येणार नाही.

लिहून ठेवणार मी, तुमचा धाकटा मुलगा. वय तेवीस, शिक्षण सातवी नापास, काम डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात आर्टिचोक सोलणे. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कोणी हात धरून लिहून घेत नाही. उद्या माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर साधं म्हणतात, पण भूल देणार हे ऐकून माझी टरकली आहे. म्हणून हे मृत्युपत्र. आधी कुठे काही लिहून दिलं असेल, तर ते रद्द समजावं.

कलम एक. घर तुमचं आणि ताईचं, त्यावर माझा दावा नाही. माझा पलंग ताईच्या पोरीला. भिंतीवर रेघोट्या मारल्या तरी तिला ओरडायचं नाही.

कलम दोन. सोलायची सुरी, हातमोजे आणि रबरी बूट माझ्या खोलीतल्या लंबूला. ज्याला मिळणार त्याने साक्ष द्यायची नसते, असं मुकादम म्हणाले. लंबू म्हणाला, "मग बूटच दे. सही करून माझे पाय कोरडे राहणार आहेत का?"

कलम तीन. भाऊजींनी माझी सायकल न विचारता विकली, ते माफ. लग्नात चारचौघांत मला भटका म्हणाले, ते माफ नाही. खरं असलं तरी.

कलम चार. आता पानांचं. आर्टिचोक म्हणजे काटेरी, मोठ्या कळीसारखी भाजी. आतला गाभा डब्यात जातो, झाडाची पानं फेकतात. कारखान्यात सगळे म्हणतात, त्या पानांचा काढा प्यायला की नसा साफ. मी गच्चीवर पानं वाळवली आणि डबे भरून पाठवली. वर तुम्हाला ऐटीत सांगितलं, "अण्णा, त्या गोळ्या सोडा आता." का सांगितलं, ते ताईला कळलंच आहे. तुमच्या गोळ्यांसाठी पाठवायचे पैसे मी मोटारसायकलीत घातले होते. रोज व्हिडिओवर तुम्ही तिकडे कप उचलायचात, मी इकडे. कडू लागायचं म्हणून दोघंही तोंडं वाकडी करायचो. तेवढा वेळ मला मोठा झाल्यासारखं वाटायचं.

मग माझ्या पोटात कळ आली. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पित्ताशयात खडे असणाऱ्याने हे घ्यायचंच नसतं, त्याने पित्त जास्त सुटतं. मी तुमचं विचारलं. म्हणाल्या, "पानांच्या अर्काने रक्तातली चरबी थोडीफार उतरते, काहींचा रक्तदाबही जरासा. पण तुझ्या वडिलांच्या हृदयाच्या नसेत अडथळा आहे ना? मग त्यांच्या गोळीची जागा पानं घेणार नाहीत. आणि गोळ्या बंद करायला त्यांना सांगितलं कोणी?"

मी केसपेपरची घडी घालू लागलो. बाई समजल्या.

हे सगळं मी तुम्हाला तीनदा सांगितलं, तरी तुम्ही काढाच पिताय. परवा ताई रडत होती. "जिना चढताना दोनदा खाली बसले. वर मलाच दम देतात, धाकट्याला सांगू नकोस, हिरमुसेल."

अण्णा, मला बरोबर ठरवण्यासाठी तुम्ही जीव घालवू नका. मी हिरमुसेन, आणि दुसऱ्या दिवशी जेवेन. आजवर माझ्या कुठल्या चुकीने मी उपाशी राहिलोय?

कलम पाच. मोटारसायकल विकली. आलेली रक्कम घरी न जाता औषधवाल्या काकांकडे जमा होईल. तुमच्या हातात दिली तर माझ्या लग्नासाठी ठेवाल. ताईने आधी अण्णांना डॉक्टरांकडे न्यावं. ते लिहून देतील त्या गोळ्या काका दर महिन्याला देतील, रोख नाही. अण्णांनी टाळाटाळ केली तर उरलेली सगळी रक्कम भाऊजींना. हे तुम्हाला बघवणार नाही, म्हणूनच लिहिलंय. मी ऑपरेशनमधून उठलो तरी हे कलम चालूच राहील.

साक्षीदार: १) सोलाई विभागाचे मुकादम २) कँटीनचा आचारी. दोघांना यातलं काही मिळत नाही. आचाऱ्याने तक्रार नोंदवली आहे.

सही: तुमचा धाकटा
ठिकाण: कारखान्यामागची कामगारांची खोली, दुसरा मजला
तारीख: चौदा मार्च

मरायची वाट न बघता आजच काकांकडे पाठवत आहे: रुपये ९६,०००. अक्षरी शहाण्णव हजार फक्त.